हौसाक्काच्या घटातली माती

सगळ्यात आधी माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही, कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं दिसतं, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीच्या बाईंनी पट्टी मारून शिकवलं तरी कधी कळलं नाही. चौथीच्या पुढं आमच्या वस्तीवर शाळाच नव्हती. त्यामुळं चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. तसं वाचणारं कुणी नाही म्हणा. ही शंभर पानी वही मला ज्योती मॅडमनी दिली. त्या रंगाच्या बंद कारखान्याच्या जागेवर पाणी आणि माती तपासायला असतात. त्या म्हणाल्या, मावशी, तुम्ही मला बांधावर बसून जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवा, विसरून जाल. मी विसरणार नाही, पण लिहिते. वही पेटीत साड्यांच्या खाली ठेवते.

माझं माहेर मोरगावच्या बाजूचं, तिकडं सगळं कोरडवाहू. बाजरी, ज्वारी आणि शेरडं. शाळा सुटली तशी मी शेरडांमागं गेले ती लग्न होईपर्यंत. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं पाणी म्हणजे घरातलं मोठं माणूस असल्यासारखं, त्याच्याशी जपून वागायचं. भांडी धुतलेलं पाणी शेरडांना, तोंड धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. माझं लग्न इंदापूर तालुक्यात ठरलं तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलगा एकदाच बघितला आणि विहीर दोनदा बघून आले. मला म्हणाले, पोरी, बारमाही पाणी हाय, मी तुला पाण्यात दिली बघ. एस.टी.नं बारामती, तिथून पुढं दुसरी एस.टी., आणि उतरल्यावर जिकडं बघावं तिकडं ऊस. मी नवी नवरी, हळदीच्या अंगानं विहिरीवर जाऊन वाकून बघत बसले तर सासूबाई हसून म्हणाल्या, अगं नवऱ्याकडं बघ की जरा, इहीर कुठं पळून जातीय व्हय.

सासूबाई लवकर गेल्या. त्यांच्यामागं मला हौसाक्कानं शिकवलं. हौसाक्का आमची बांधाला बांध लागून असलेली शेजारीण, वयानं माझ्या आईएवढी, नवरा नाही, एक मुलगा. तिनं मला उसाची लागण शिकवली, माझं पहिलं बाळ तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलं. तोंडानं मात्र फटकळ. मला मुळातच बोलायला जमत नाही, चार माणसं असली की शब्द घशात अडकतो. हौसाक्का म्हणायची, कमळे, तुझ्या तोंडातला शब्द भाईर पडस्तवर माझा च्या गार झाला की गं.

आता मळीचं सांगते, कारण सगळं तिच्यापासून झालं. साखर कारखान्यात रस गाळला की मागं जो चोथा राहतो ती मळी. काळपट, ओलसर, आंबूस वासाची. शेतात टाकली की ऊस जोर धरतो, म्हणून आमच्याकडं मळीसाठी लोक नंबर लावतात, ओळखी काढतात. आमच्या ह्यांचा ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, हे मळी वाहायचं काम करायचे. तर रस्त्याच्या पलीकडं जो रंगाचा कारखाना होता, त्याचा मॅनेजर एक दिवस ह्यांना म्हणाला, आमच्या मागच्या खड्ड्यात असाच गाळ साठलाय, मळीच समजा, फुकट न्या, जागा मोकळी करा. हे बघून आले. तसाच रंग, तशीच ओल. वास जरा वेगळा, पण मळीला तरी कुठं अत्तराचा वास असतो. आम्ही उसाच्या मुलखातली माणसं, कारखान्यातून काळं काही निघालं की ते खतच, एवढंच आम्हाला माहीत.

हौसाक्कानं मला विचारलं, कमळे, घिऊ का गं मी? आणि बघा, मी कधी कुणाला काही सांगायची नाही, त्या दिवशी मात्र चटकन बोलले, घ्या अक्का, चांगली हाय, माल फुकट हाय, नुसतं ट्रॉलीचं भाडं. आयुष्यात मी ठामपणानं एकच सल्ला दिला तो हा. तिनं अकरा ट्रॉल्या घेतल्या, विहिरीशेजारच्या तुकड्यात टाकल्या, भाडं रोख दिलं. आमच्या कांद्याच्या वाफ्यात आम्ही दोन टाकल्या. आणखी काही जणांनी दोन-दोन, तीन-तीन.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिचा ऊस पिवळा पडला. सगळ्यांना वाटलं रोग आला. विहिरीच्या पाण्याला फेस यायला लागला, म्हैस तोंड घालायची आणि मान झटकून मागं सरायची. तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग नवरात्र आलं.

आमच्याकडं घटाला माती आपल्याच रानातली लागते. ती चाळून परडीत पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मध्ये मातीचा घट पाणी भरून ठेवायचा, त्याचं पाणी पाझरून माती ओली राहते. तिसऱ्या माळेला कोंब वर दिसतात आणि दसऱ्याला गडीमाणसं ते तुरे टोपीत खोवतात. त्या वर्षी हौसाक्काच्या घरी नवी सून आली होती, शुभांगी, माळशिरसकडची. हौसेनं अक्कानं तिच्या हातानं घट बसवला. माती विहिरीशेजारच्या तुकड्यातली, पाणी त्याच विहिरीचं. तिसरी माळ झाली, पाचवी झाली, परडीत काही नाही. सातव्या माळेला हौसाक्कानं बोटानं उकरून बघितलं तर दाणे कुजलेले.

वस्तीवर असली गोष्ट लपत नाही. बायका कुजबुजल्या. हौसाक्काला कुणी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण ती त्या पोरीला म्हणाली, तुझ्या हाताला गुण न्हाय. दसरा झाला आणि शुभांगी माहेरी गेली ती संक्रांत उलटली तरी आली नाही. मग मुलगाच जाऊन घेऊन आला. पण त्यानंतर तिला बी पेरायला कधी हात लावू दिला नाही. भाजीचा वाफा असो, घट असो, हौसाक्का म्हणायची, तू बस तकडं.

आणि मला माहीत होतं. घटासाठी माती चाळायला मीच तिच्या अंगणात होते, चाळणीत पिवळे खडे राहिले ते मी बघितले होते. आमच्या कांद्याच्या वाफ्यात पण तो गाळ टाकल्यापासून तसेच खडे होते, आणि तिथंही काही उगवत नव्हतं. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन फिरायचे. ह्यांना म्हणाले तर हे म्हणाले, गप ऱ्हा. पोलीस केस हुईल, ट्रॅक्टर जाईल, खायचं काय? मी गप राहिले. मला गप राहायची सवयच होती, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही. शुभांगी बांधावरून जाताना मला काकी म्हणून हाक मारायची आणि मी मान खाली घालून खुरपत राहायचे.

पुढं तो कारखाना बंद पडला, मालक निघून गेले, गेटला सील लागलं. मागचा खड्डा तसाच राहिला. दर पावसाळ्यात तो भरायचा आणि जमिनीत मुरायचा. एकेक करून आजूबाजूच्या विहिरी गेल्या, आमची पण गेली. प्यायला जार विकत, जनावरांना टँकर. दादा एकदा मुक्कामाला आले होते, त्यांनी टँकरच्या नळीखाली मी लावलेली घागर बघितली. जेवताना हळूच म्हणाले, मी तुला पाण्यात दिली हुती. ते आता नाहीत. विहीर परत चांगली झालेली त्यांनी बघितली नाही, एवढं एक राहिलं.

तक्रारी झाल्या, अर्ज झाले, ते मला सगळं माहीत नाही. शेवटी सरकारनं सफाईचं काम काढलं. साइटवर बायामाणसं घेणार म्हणून मी नाव दिलं. पहिल्या दिवशी आम्हाला पांढरा अंगभर पोशाख, गमबूट, हातमोजे आणि तोंडाला मोठा मास्क दिला. मी तशीच चहाला बांधावर आले तर हौसाक्का ओरडली, अगं बया, ही कोन, गणपतीच्या देखाव्यातली चंद्रावरची बाई का काय? इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिच्यासमोर हसले.

आधी खड्ड्यातला गाळ काढला. तो झाकलेल्या गाड्यांतून लांब न्यायचे, जिथं असा विषारी माल पुरायची पक्की जागा केलेली असते तिकडं. आम्ही गाडीची चाकं धुवायची, सांडलेलं उचलायचं, ढीग ताडपत्रीनं झाकायचे. मग ज्योती मॅडम आल्या. त्या जागोजागी बोअर घेऊन पाणी बाटलीत भरायच्या, बाटलीवर नंबर चिकटवून बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. माझ्या मुलीएवढ्या, पण उन्हात माझ्याबरोबर उभ्या राहायच्या.

एक दिवस सफाईच्या कामावरच्या सरकारी साहेबांनी गावाची बैठक घेतली. साहेब म्हणाले, खड्डा जेवढा होता तेवढा गाळ त्यात सापडत नाही. म्हणजे बराचसा आधीच कुठंतरी गेलाय. कुणाच्या रानात गेला ते कळलं तर तिथली पण माती साफ करता येईल. नाही कळलं तर आम्ही खड्डा साफ करून निघून जाऊ आणि विहिरी परत खराब होतील. कुणी बोललं नाही. ज्यांनी टाकली होती त्यांना जमिनीचा भाव पडेल याची भीती. हे माझ्या पुढं दोन ओळी सोडून बसले होते, त्यांची मान मला मागून दिसत होती, ती हलली नाही. हौसाक्का माझ्या शेजारीच होती. तिच्या डोक्यातच नव्हतं की ह्याच्याशी आपला काही संबंध आहे. तिच्या लेखी ती मळी होती.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी मॅडमच्या शेजारी डबा घेऊन बसले. भाकरीचा एक तुकडा मोडला, तो तसाच हातात राहिला. म्हणाले, मॅडम, मला ठावं हाय. त्या म्हणाल्या, काय मावशी? म्हणाले, गाळ कुठं कुठं गेला ते. मी ह्यांची भाकरी घिऊन ट्रॉलीमागं जायची. मला बांध न् बांध ठावं हाय.

त्यांनी डबा बंद केला. आम्ही दोघी चालत निघालो. मी पुढं, त्या मागं कागदावर नकाशा काढत. हितं दोन ट्रॉल्या, तितं तीन, ह्या लिंबाच्या खाली एक उलटली हुती. तिसऱ्या रानात होतो तर मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. हे होते. हे ट्रॅक्टरवरून उतरले, माझ्याकडं बघितलं नाही, मॅडमना म्हणाले, ही ओढ्याकडची एक जागा इसरली असंल, ती मी दावतो. पोलीस वगैरे कुणी आलं नाही. साहेबांनी ह्यांचा जबाब लिहून घेतला, कारखान्याविरुद्ध लागेल म्हणाले, ट्रॅक्टर दारातच राहिला.

शेवटचं रान हौसाक्काचं. मॅडमना बांधाच्या अलीकडं थांबवलं आणि मी एकटी गेले. हौसाक्का शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं पण सगळं सांगितलं, अकरा ट्रॉल्या, चाळणीतले पिवळे खडे, परडीतले कुजलेले दाणे, आणि मी गप राहिले ते. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, म्हंजी शुभीच्या हातात काय न्हवतं?

मी म्हणाले, काय न्हवतं अक्का.

ती उठली, गोठ्यात गेली. शुभांगी शेण भरत होती. हौसाक्का तिला माफ कर वगैरे म्हणाली नाही, तिला ते येत नाही. म्हणाली, शुभे, हात धू. उद्या मेथीचा वाफा तू पेर. शुभांगी खाली बसली आणि रडायला लागली, आणि मी तिथून निघून आले.

हौसाक्का महिनाभर माझ्याशी बोलली नाही, बोलली ती एकदाच. मी त्या महिन्याचा पगार मिळाल्यावर भाड्याचे पैसे परत द्यायला गेले तर तिनं माझा हात ढकलला. म्हणाली, माझी माती मला पैशात नको. माती परत माती झाली आन् माझ्या घटात कोंब आलं, की घीन. तवर ठिव तुझ्याजवळ. मग मी प्रत्येक ट्रॉलीच्या भाड्याची एकेक पुडी बांधायचं ठरवलं, कागदात गुंडाळून वर दोरा. पगार झाला की एक पुडी. पिठाच्या डब्याच्या मागं ठेवायची.

रानातली माती खड्ड्याइतकी वाईट नव्हती. साहेब म्हणाले ही लांब न्यायची गरज नाही, इथंच सुधारेल. जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर मातीचे लांब ढीग लावले. त्यात शेणखत, उसाचं चिपाड आणि साखर कारखान्याची मळी मिसळायची, ओल राखायची, वरखाली करायची, म्हणजे त्यातले जीवजंतू विष खातात म्हणे. खरी मळी आणायचं काम आमच्या ह्यांनाच मिळालं. ट्रॅक्टर बांधावरून यायला लागला आणि महिनाभर मुकी राहिलेली हौसाक्का लांबून ओरडली, परत मळी आणली का रं भाड्या? ह्या खेपंला भाडं मी घेनार! हे ट्रॅक्टरवर बसून हसत सुटले. त्या दिवसापासून चहाचं बोलावणं परत सुरू झालं.

साइटवरचा नवा इंजिनियर ढिगावर पाइप लावून पाणी सोडायचा, चिखल व्हायचा, खालून वास मारायचा. मी दोन दिवस बघितलं, मला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या कानात सांगितलं, पानी लय हुतंय, मुठीत दाबून बघा. मूठभर घेऊन दाबायची, गोळा झाला पाहिजे आणि बोटानं ढकलला की फुटला पाहिजे, पाणी गळता कामा नये. उकिरडा मुरवायची ही आमची रीत. मॅडमनी ते सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन सांगितलं आणि मी लाजून ताडपत्रीच्या मागं गेले. मग ढीग भिजवायचं काम माझ्याकडंच आलं.

पाण्याचं काम जास्त दिवस चाललं. बोअरमधून पाणी उपसायचं, मोठ्या टाक्यांमधल्या कोळशातून गाळायचं. दर काही दिवसांनी बाटल्या जायच्या, कागद यायचा आणि मॅडम मान हलवायच्या, अजून नाही मावशी. दोन दिवाळ्या अशा गेल्या. मला वाटायचं माझ्या पुड्या बांधून होतील पण पाणी काही चांगलं व्हायचं नाही. मग एकदा ढिगाच्या कडेला गवत उगवलेलं दिसलं. कुणी पेरलं नव्हतं. मी ते उपटलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कागद आला, माती चांगली झाली. ती परत रानात पसरली. त्यानंतर हौसाक्काच्या विहिरीचा आला, शेताला आणि जनावरांना चालेल, प्यायला आणखी दोन तपासण्या होईपर्यंत थांबा. म्हशीला कागद वाचता येत नाही, तरी तिनं विहिरीचं पाणी बादलीभर प्यायलं. हौसाक्का म्हणाली, हिचा रिपोर्ट खरा.

औंदा घट शुभांगीनं बसवला. विहिरीशेजारची माती, विहिरीचं पाणी. मी साइटवर असताना मॅडम म्हणाल्या, आम्ही पण मातीत बी पेरून बघतो, तुमच्यासारखंच. त्यांचं बी उगवलं होतं, तरी मला धीर नव्हता. पहिल्या दोन माळा मी हौसाक्काच्या घराकडं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या माळेला सकाळी मी चूल सारवत होते तर शुभांगी बांधावरून पळत आली, पदराचं भान नाही, म्हणाली, काकी चला. एवढंच.

परडीत पिवळसर हिरवे कोंब, सुईच्या टोकाएवढे, पण सगळीकडं. हौसाक्का भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, लय दाट पेरलंय पोरीनं, हिला पेराया शिकवली कुनी? आणि डोळे पुसले.

दसऱ्याला तिच्या मुलानं टोपीत तुरा खोवला. एक तुरा तिनं आमच्या ह्यांना पाठवला. कारखान्याच्या खड्ड्याची जागा अजून कुंपणात आहे, तिथं कुणी काही पेरायचं नाही असा बोर्ड आहे, आणि मॅडम दर हंगामाला बाटल्या भरायला येणार आहेत. येऊ देत. रात्री मला आता झोप लागते.

दसऱ्याच्याच दिवशी दुपारी मी पुड्या डब्यात घालून घेऊन गेले. हौसाक्का ओसरीवर होती, शुभांगी दळण निवडत होती. मी पुड्या पुढं ठेवल्या. अक्का म्हणाली, मला मोजता येत न्हाय असं समजू नगंस. तिनं एकेक पुडी उचलून दोरा सोडला, नोटा बघितल्या, परत बांधली आणि उंबऱ्यावर ओळीनं ठेवली. एक ट्रॉली. दोन ट्रॉल्या. तीन. मधेच नववी की दहावी असा घोळ झाला, तर शुभांगी म्हणाली धावी, आत्याबाई. धा तर धा, म्हणाली. अकरावी ठेवली आणि सगळ्या गोळा करून पदरात घेतल्या.

आल्या का गं पुऱ्या, ती म्हणाली, बोल की कमळे, मोठ्यानं.

आल्या अक्का, मी मोठ्यानं म्हणाले, अकराच्या अकरा.